आत्याचा हिरवा चेहरा

आमच्या घरात माणसांच्या आधी देवांना रंग मिळायचा. भिंतींना वर्षानुवर्षं नवा चुना नाही, आईच्या लुगड्याचा मूळ रंग कोणता हे ठरवायला पंच बोलवावे लागले असते, पण पडवीतल्या फळीवर नारळाच्या करवंट्यांमधून तांबडा, पिवळा, निळा, हिरवा असे रंग ओळीने कालवून ठेवलेले असायचे आणि त्यांना धक्का लागला तर पाठीत धपाटा बसायचा. आमची गणपतीची शाळा होती. गणपती जिथे करतात त्या जागेला आमच्याकडे शाळा म्हणतात, कारखाना म्हणत नाहीत. माझे वडील, अण्णा, हे या शाळेचे मालक, हेडमास्तर आणि शिपाई. रत्नागिरीजवळच्या पालीच्या बाजारपेठेपासून जरा आत आमचं घर, कोल्हापूरकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज यायचा पण धूर पोचायचा नाही एवढ्या अंतरावर. शाडूच्या ओल्या मातीचा आणि रंगात कालवायला चुलीवर विरघळणाऱ्या सरसाचा वास घरभर. सरसाचा वास ज्याने घेतलेला नाही त्याला तो समजावून सांगण्यात अर्थ नाही, आणि ज्याने घेतलाय त्याला आठवण करून देणं बरं नाही.

आषाढ लागला की गावोगावचे लोक आपापल्या घरचा पाट आणून द्यायचे. त्या पाटावरच त्या घरचा गणपती घडायचा, आणि दर वर्षी तसाच. उंची तीच, बैठक तीच, पीतांबराचा रंगही तोच. एकदा अण्णांच्या हातून वरच्या वाडीतल्या एका घरच्या गणपतीला जांभळ्याऐवजी पिवळा पीतांबर गेला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी न्यायला आलेली म्हातारी मूर्तीकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "हा आमचा नाय." अण्णा म्हणाले, "अगो, गणपती सगळ्यांचा एकच." म्हातारी म्हणाली, "एकच असंल. पण आमचा जांभळा." आणि पदर डोळ्याला लावून ती पायरीवर बसली ती अण्णांनी ब्रश हातात घेईपर्यंत उठली नाही. रंगाने माणसाच्या काळजाला हात घालता येतो, हे पुढे मुंबईत आमच्या एका सरांनी टेबलावर मूठ आपटून सांगितलं. सगळ्या वर्गाने ते लिहून घेतलं. मीही लिहून घेतलं, नाही म्हणायचं कशाला.

अण्णांचा खरा नावलौकिक दोन गोष्टींसाठी. एक, डोळ्यांची आखणी. आणि दुसरी, अंगाचा रंग. हा गुलाबी ते स्वतः कालवायचे, दार लोटून, आणि त्यात काय काय घालायचे ते आईलाही ठाऊक नव्हतं. तो रंग लागला की मातीच्या गोळ्यात जीव आल्यासारखा वाटायचा, हे मात्र खरं. हत्तीचं तोंड आणि त्याचा रंग गुलाबी, यात आमच्यापैकी कोणालाच कधी काही वावगं दिसलं नाही. हे मी मुद्दाम आधीच लिहून ठेवते, कारण पुढे हीच मंडळी माणसाच्या तोंडाचा रंग कसा असावा यावर तावातावाने बोलणार आहेत.

आत्या ही अण्णांची थोरली बहीण. अण्णा तिला आक्का म्हणायचे म्हणून सगळा गाव आक्का म्हणायचा. तिला गुहागरला दिली होती, पोफळीच्या बागा असलेल्या घरात. नवऱ्याने दोन-तीन वर्षांतच दुसरी घरात आणली, आणि अण्णा जाऊन आत्याला माहेरी घेऊन आले. ही हकीकत अण्णा पाहुण्यांना रंगवून सांगायचे. ओटीवर जाऊन ते कसे उभे राहिले, आत्याच्या नवऱ्याला काय सुनावलं, बहिणीची ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेऊन भर दुपारी स्टँडपर्यंत कसे चालत आले. "मानानं घेऊन आलो आक्काला," असं शेवटचं वाक्य. ते ऐकताना आत्या आत चहा गाळत असायची. तो चहा घेऊन ती बाहेर यायची आणि पाहुणे तिच्याकडे बघून म्हणायचे, देवमाणूस आहे हो तुमची बहीण. घरात ज्याच्याकडून बेसुमार काम करून घ्यायचं असतं त्याला देवमाणूस म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे.

आणि काम ती करायची. पहाटे विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर ऐकू आली की ती आत्या, मग अंगणात शेणसडा टाकल्याचा सपसप आवाज, मग चुलीत फुंकणीची फुंकर. आईने भांडं आपटलेलं आम्ही रोज ऐकायचो, आई त्याबाबतीत उदार होती. आत्याने भांडं आपटलेलं कोणी ऐकलं नाही. कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी, फणसाच्या कुयरीची भाजी, सुक्या जवळ्याची चटणी, मे महिन्यात सांदणं, हे सगळं तिच्या हातचं. ती सगळ्यांत शेवटी जेवायची, आणि काय जेवायची ते कोणी बघितलं नव्हतं. आवाज चढायचा तो फक्त मासेवाल्या हमीदाबीशी भाव करताना. हमीदाबी किनाऱ्याकडून पहिल्या गाडीने टोपली घेऊन यायची आणि आमच्या पायरीवर त्या दोघींची जी जुंपायची, ती ऐकायला शेजारची शेवंताकाकी हातातलं काम टाकून कुंपणाशी यायची.

आता माझं सांगते. मी अण्णांची एकुलती एक मुलगी. हात चांगला म्हणून अण्णांनी हौसेने मला मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात घातलं, गिरगावात मावशीकडे ठेवलं. त्यांचा हिशेब सरळ होता. पोरगी शिकेल, परत येईल, गणपतीच्या मागे लावायला डोंगर-झाडांचे पडदे रंगवेल. वर्ष संपवून मी मे महिन्यात घरी आले ती गुंडाळी भरून चित्रं घेऊन. अण्णांनी ती पडवीत पसरली. कोळशाने काढलेली वाकडी तोंडं, लांबलेले हात, एक म्हातारा तर निळाच. अण्णांनी एकेक चित्र उजेडात धरून बघितलं. मग म्हणाले, "सुमे, गेलीस तेव्हा तुला नीट येत होतं गो."

त्या दिवसापासून घरात एकच प्रश्न उरला. जूनमध्ये मी परत जायचं की नाही. अण्णांचं मत पडलं, बस झालं, शाळेत बसून रंग दे, घरात तुला काय कमी आहे. मी रडले, जेवण टाकलं, आईने माझ्या वतीने दोन पातेली आपटली. मुंबईला परत गेले नाही तर मी मरेन असं मला वाटत होतं, आणि त्या वयात असं वाटतं ते अगदी मनापासून वाटतं. शेवटी एक दिवस शेवंताकाकी आणि तिच्या घरचे समोर बसलेले असताना अण्णा म्हणाले, "बरं. आक्काचं चित्र काढून दाखव. आक्का हो म्हणाली तर जा." चार माणसांत दिलेला शब्द म्हणजे आमच्याकडे दगडावरची रेघ.

आक्काचंच चित्र का, तर तिला ते हवं होतं. नुकतीच वाडीतली एक बाई गेली होती. तिचा एकटीचा फोटोच नव्हता, म्हणून लग्नाच्या घोळक्यातल्या फोटोतून तिला कापून काढली आणि मोठी करून हार घातला. त्या फोटोत तिच्या खांद्यावर कुणाचातरी हात राहिला होता, मनगटापर्यंत. आत्याने तो बघितला आणि तिची झोप उडाली. "मेल्यावर माझ्या खांद्यावर कुणाचा हात नको हां," असं ती मला म्हणाली. तिला मोठं, रंगीत, एकटीचं चित्र हवं होतं. हिरवं लुगडं, नाकात नथ, आणि बघणाऱ्याला बरं वाटेल असं तोंड. आपल्यामागे आपलं काय राहावं याबद्दल तिने आयुष्यात केलेली ही एकच मागणी, आणि ती माझ्यासारखीच्या हाती पडली.

बाजारातून मांजरपाट आणला, सुताराकडून चौकट करून घेतली, कापड ताणून त्यावर सरस आणि पांढऱ्या सफेद्याचा हात दिला. दुपारची जेवणं झाली की आत्या पडवीत बसायची. नुसतं बसणं तिला जमेना. दिवस रातांब्यांचे, म्हणजे कोकमाच्या फळांचे होते, त्यामुळे समोर टोपली घेऊन ती रातांबे फोडत बसायची, साली एकीकडे, बिया एकीकडे. मनगटापर्यंत तिचे हात लालजांभळे व्हायचे. मी म्हणायची, आत्या मान हलवू नको. ती म्हणायची, "मान कुठं हलवते, हातच हलवते ना?"

आता इथे मला चांगली संधी आहे. आत्याच्या मनातलं मला दिसलं आणि म्हणून मी तिच्या तोंडाला हिरवा रंग लावला, असं लिहिलं तर वाचायला फार छान वाटेल. हल्ली चित्रकार मंडळी असंच सांगतात आणि लोक माना डोलावतात. खरी गोष्ट अशी की मुंबईहून आणलेल्या रंगांतला पांढरा संपला. तैलरंगात पांढऱ्याशिवाय कातडीचा रंग होत नाही, आणि तैलरंगाची नळी पालीच्या बाजारात काय, तेव्हा रत्नागिरीतही सहज मिळाली नसती. अण्णांचा सफेदा तेलात कालवून बघितला, तर त्याचा राखट चिखल झाला. हातात उरले होते हिरवा, शेंदरी, जांभळा आणि थोडा पिवळा. पडवीच्या बाजूला केळी होत्या, त्यांच्या पानांतून ऊन आत यायचं आणि आत्याच्या एका गालावर खरंच हिरवट झाक पडलेली असायची. म्हटलं, चला, तिथून सुरुवात करू.

तर मी हिरवा लावत होते आणि आत्या बोलत होती. सहसा ती बोलत नसे, पण हाताला काम आणि समोर ऐकणारं कोणी असलं की बाई बोलते. मला म्हणाली, "मी सातवीची फायनल पास होते, ठाऊक हाय तुला?" मला ठाऊक नव्हतं. गुहागरहून आणल्यावर तिला रत्नागिरीला ट्रेनिंगला जायचं होतं, मास्तरीण व्हायला. तिथल्या बाईंनी निरोपही धाडला होता, ये म्हणून. "बाबा म्हणाले, घरात तुला काय कमी हाय. तुझा बाप तिथंच पाटावर जेवत होता. त्यानं भाताचा घास घेतला, पिठी वाढ म्हणाला. मी वाढली." एवढं बोलून तिने पुढचा रातांबा हातात घेतला आणि तो फोडताना अंगठा इतका जोरात रोवला की रस उडून माझ्या कापडाच्या कोपऱ्यावर आला. तिचा चेहरा मात्र तसाच, शांत. पाहुण्यांना आवडायचा तसा.

माझ्या हातात त्या वेळी शेंदरी होता. तो मी हिरव्याला लागून डोळ्याखाली ओढला आणि एकदम काहीतरी झालं. हिरवा हिरवा राहिना, शेंदरी शेंदरी राहिना, दोघे एकमेकांना ढकलायला लागले. तोंड आहे तिथेच राहून तापायला लागलं. मला भीती वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. मग मी थांबलेच नाही. कपाळ हिरवं, गालाची हाडं पिवळी, डोळ्यांच्या खाचा जांभळ्या, ओठ आवळलेले आणि त्यांच्या कडेला शेंदरी. नथ मात्र रंगवली, तेवढा शब्द पाळला. मांडीवरचे हात लालजांभळे, पण ते तर मी होते तसेच काढले होते. पुढे लोकांनी सगळ्यात जास्त नावं ठेवली ती त्या हातांना.

चित्र वाळत आलं तसं अण्णांनी सगळ्यांना बोलावलं. मी फडकं बाजूला केलं. शेवंताकाकी "अगो बाई" म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला. तिच्या नवऱ्याने विचारलं, "कावीळ झालीय काय हिला?" कोणीतरी म्हणालं, कावीळ पिवळी असते, हे विषबाधेचं. आई म्हणाली, "नथ छान आलीय." आणि पायरीवर टोपली टेकवून बसलेली हमीदाबी मान पुढे काढून म्हणाली, "आक्का, ही तर तू! मी बांगड्याचा भाव सांगते ना, तवाची!" सगळे हसले. आत्या हसली नाही. ती चित्रासमोर उभी राहिली, हात पदराला पुसले, आणि आत निघून गेली. आक्का हो म्हणाली नाही, हे सगळ्या गावाने बघितलं.

हल्ली फोनमध्ये एक बटण दाबलं की माणसाचं तोंड हिरवं, निळं, हवं तसं होतं आणि लोक ते हौसेने एकमेकांना धाडतात. माझ्या चुलत भावाचा मुलगा आता आमची शाळा चालवतो, त्यानेच मला परवा माझा चेहरा जांभळा करून दाखवला आणि म्हणाला, "आत्या, भारी ना?" मी म्हटलं भारी. काय सांगणार त्याला.

चित्र दाखवल्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. चित्र पडवीत भिंतीकडे तोंड करून उभं होतं आणि त्याच्याकडे बघून अण्णा रोज नवा सुस्कारा टाकत. माझ्यावर त्यांनी शब्दाने राग काढला नाही, उलट समोर बसवून आखणीचा ब्रश माझ्या हातात दिला, मूठ कशी धरायची ते नव्याने शिकवायला लागले. त्याने मला जास्तच रडू यायचं. एकच गोष्ट मला कळेना. दुपारी सगळे आडवे झाले की आत्या पडवीत यायची, चित्र फिरवून ठेवायची, समोर बसायची, आणि जाताना पुन्हा भिंतीकडे तोंड करून ठेवायची. मी दाराआडून बघायची. ती चिडलीय की रडतेय ते पाठीवरून कळत नव्हतं, आणि जाऊन विचारायची माझी छाती नव्हती.

एके सकाळी मी उठून पडवीत आले तर अण्णा चित्रासमोर. डोळ्यांत एक चमक. "बघ," म्हणाले, "झालं तुझं काम." आणि बाजूला झाले. मी बघितलं. अण्णांनी रात्रीचं जेवण झाल्यावर दार लोटून आपला तो अंगाचा रंग कालवला होता आणि आत्याचं तोंड आणि हात पार गुलाबी करून टाकले होते. वर डोळे आखले होते, लांबसडक, कानापर्यंत जायची तयारी असलेले. ओठांवर मंद हसू. आत्याची गौर झाली होती. डोक्यावर मुकुट तेवढा घालायचा राहिला होता, तोही बहुधा जागा नव्हती म्हणून.

मला अण्णांचं हसू आलं, पण मग मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांनी हे माझी जिरवण्यासाठी केलं नव्हतं. चार माणसांत शब्द दिला होता, तो मोडता येत नव्हता; पोरगी झुरत होती, ते बघवत नव्हतं. तेव्हा त्यांनी आपल्याजवळ जे सगळ्यात चांगलं होतं ते काढून माझ्या चित्राला फासलं. "कोणाला सांगायचं नाय. तूच नीट केलंस म्हणायचं. आक्का आता हो म्हणेल," ते कुजबुजले. "मग जा तू मुंबईला." आणि सांगायला हरकत नाही, रंगाचं सामर्थ्य, आतला आवाज वगैरे सगळं माझ्या डोक्यातून त्या क्षणी साफ गेलं. मनात म्हटलं, गुलाबी तर गुलाबी. देवा, आत्याला एकदा हो म्हणू दे.

पुन्हा मंडळी जमली. या वेळी अण्णांनी स्वतः फडकं काढलं. काय सांगू तो आनंद! शेवंताकाकी म्हणाली, "हुबेहूब!" तिच्या नवऱ्याने तर चक्क हात जोडले, मग लक्षात आल्यावर त्या हातांनी डोकं खाजवलं. "आता कसं आक्कासारखं दिसतंय," सगळ्यांचं एकमत झालं. आत्या रोज ज्यांच्या समोर वावरत होती त्या माणसांचं हे मत. अण्णांनी हाक मारली, "आक्का, बघ गो. पोरीनं नीट केलंय."

आत्या ओल्या फडक्याने ओटा पुसता पुसता तशीच बाहेर आली. चित्राकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी नजर खाली घातली. मग अण्णांकडे. "कोण ही?" तिने विचारलं.

"तू. कोण म्हणजे काय?"

"ही मी नाय," आत्या म्हणाली, आणि हातातलं ओलं फडकं सरळ चित्राच्या गालावरून फिरवलं.

सरसात कालवलेला रंग तेलावर धरत नाही. गणपतीच्या मातीला तो असा बिलगतो की विसर्जनापर्यंत सुटत नाही, म्हणून अण्णांच्या ते ध्यानीमनीही आलं नव्हतं. साऱ्या जन्मात त्यांनी तैलरंगावर ब्रश टेकवला नव्हता. फडक्याबरोबर गुलाबी सुटून आला आणि खालून हिरवा गाल निघाला, ओला, होता त्याहून झळझळीत. आत्याने दुसरा गाल पुसला. फडकं पिळलं, गुलाबी पाणी अंगणात सांडलं. कपाळ पुसलं. ते लांबसडक डोळे पुसले. मुलाचं तोंड धुवावं तशी ती पुसत होती, नाकाच्या कडा, हनुवटी, काही राहू न देता. एकेका हातासरशी मला माझी मुंबई पुसली जाताना दिसत होती.

"आक्का, काय करतेस!" अण्णा ओरडले. "पोरीचं वाटोळं होईल!"

"पोरीचं वाटोळं मी नाय करत," आत्या म्हणाली. आता हात धुवायला घेतले होते तिने, चित्रातले.

"अगो पण हे भुताटकीसारखं तोंड! किती रागावलेली दिसतेस त्यात!"

"मग रागावलेलीच हाय मी."

हे तिने इतक्या साध्या आवाजात म्हटलं, भात झालाय म्हणावं तसं. अण्णा म्हणाले, "कुणावर?"

"तुझ्यावर. बाबांवर. गुहागरवाल्यावर. पण ते दोघं इथं नाय, तू हायस."

"मी? मी तुला मानानं घेऊन आलो! कधी काय कमी केलं तुला?"

"कमी काय नाय केलंस. आणलंस, जेवायला घातलंस, देव म्हणालास. पण मला विचारलंस काय कधी? यायचंय काय, विचारलंस? ट्रेनिंगला जायचंय काय, विचारलंस? जेवत होतास तू. मान वर केली नायस." आत्याने फडकं पुन्हा पिळलं. "मला वाटायचं, माझा राग कुणाला दिसतच नाय. असला तरी कसा दिसणार, मी हसते ना. मग ह्या पोरीनं तो काढला. मला पहिल्यांदा बघून लाज वाटली. मग रोज बघत बसली. म्हटलं, हाय गो बाई, हाय. मी हाय."

शेवंताकाकी रडायला लागली, कशासाठी ते तिलाही सांगता आलं नसतं. मंडळी एक एक करून पायऱ्या उतरली. अण्णा बाकावर टेकले. म्हणाले, "बरं. तुझ्या मर्जीनं होऊ दे. तू गेलीस की हेच लावू."

"मी मेल्यावर नको," आत्या म्हणाली. "मेल्या माणसाचा राग कुणाला लागतोय? आत्ताच लाव. माजघरात, तू जेवायला बसतोस ना, त्याच्या समोर."

आणि अण्णांनी लावलं. स्वतः खिळा ठोकला. त्या संध्याकाळी जेवायची पानं मांडली तेव्हा माजघरातल्या दिव्याच्या उजेडात तो हिरवा चेहरा नुसता पेटला होता. मी एका कडेला बसले. माझं काय ठरलं, हे विचारायची हिंमत नव्हती. आक्का हो म्हणाली होती की नाही, हेही मला नक्की कळलेलं नव्हतं. अण्णा आले, एकदा वर बघितलं, आणि आपला पाट फिरवून चित्राकडे पाठ करून बसले. आत्या भात घेऊन आली. भाताचं भांडं खाली ठेवलं, अण्णांच्या समोरचं ताट दोन्ही हातांनी उचललं, त्यांना वळसा घालून गेली आणि पलीकडच्या बाजूला, चित्राच्या समोर ठेवलं. अण्णांनी समोरच्या रिकाम्या जमिनीकडे बघितलं. मग उठले, पाट उचलला आणि ताटासमोर जाऊन बसले.

ते जेवले. पिठी कालवली, घास घेतला, आणि प्रत्येक घासाला नजर वर जायची ती तिथेच. आत्या वाढत होती, नेहमीसारखी, आवाज न करता. अर्धं जेवण झाल्यावर अण्णांनी हात थांबवला. घसा खाकरला आणि आत्याला विचारलं, "आक्का, हिला परत जायचंय काय?"

"माझ्याकडे काय बघतोस?" आत्या म्हणाली. "तिला विचार."

अण्णा माझ्याकडे वळले. हाताला लागलेला भात तसाच होता, डोळे भरलेले होते. आणि त्यांनी मला विचारलं.